माझ्या रक्ताचं औषध

मी सत्तेचाळीस नंबरची घोडी बोलतेय. तुम्ही मला पाहिलं नसेल. पण तुमच्या घरातलं कुणी साप चावूनही वाचलं असेल, तर त्याच्या अंगात माझं किंवा माझ्यासारख्या एखादीचं काहीतरी नक्की गेलेलं असेल.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मला एका कंपनीच्या माणसांनी निवडलं. त्यांनी माझी चाल पाहिली नाही, मानेची शीर चाचपून पाहिली. ट्रकमधून उतरवलं ते थेट मुरबाडकडच्या रानात, एका लांबलचक पागेत. शेजारी काचेच्या भिंतींचा कारखाना होता.

तिथे सुईने माझ्या कातडीखाली सापाचं विष सोडत. अगदी थोडं, मी मरणार नाही इतकंच. मान सुजायची, दोन दिवस चारा नकोसा व्हायचा. हळूहळू माझं रक्त त्या विषाशी लढायला शिकलं. मग ठरल्या दिवशी मला लाकडी चौकटीच्या खोड्यात उभं करून रक्त काढायचे. त्यातला लाल भाग परत माझ्याच अंगात सोडायचे आणि पिवळसर पाणी ठेवून घ्यायचे. त्याचं औषध व्हायचं.

माझी देखभाल मंगळूकडे होती. किन्हवलीच्या पुढे डोंगराच्या अंगाला त्याची ठाकरवाडी. त्याने मला नंबराने कधी हाक मारली नाही, तांबू म्हणायचा. सुई टोचताना माझ्या कपाळावर तळवा ठेवून उभा राहायचा आणि सगळं उरकल्यावर कोमट पाण्याने मान शेकायचा.

एकदा त्याची बायको गंगी मला बघायला आली. येताना तिने वेलावरच्या काकड्या आणल्या होत्या. आधी लांबूनच फेकल्या, मग धीर करून हातावर धरल्या. "हिच्या रगतानं मानूस जगतंय?" तिने नवऱ्याला विचारलं. मंगळूने मान हलवली. जाताना तिने मला वाकून नमस्कार केला. माणसाने मला केलेला तो एकच नमस्कार.

त्याच वर्षी भातकापणीच्या दिवसांत, भर दुपारी, मंगळूला फोन आला. गंगीला पान लागलं होतं. इकडे साप चावला असं तोंडाने म्हणत नाहीत. कापलेल्या भाताचा भारा उचलताना नागाने मनगटाला धरलं होतं.

मंगळू हातातली घमेली टाकून कारखान्याकडे धावला. पागेतून मला तो कुलूप लावलेल्या काचेच्या दारापाशी हात जोडून उभा राहिलेला दिसत होता. आत खोक्यांची थप्पी होती. त्यातलं औषध माझंच होतं. पण त्याच्या तपासणीचा कागद अजून आला नव्हता आणि कागदाशिवाय एकही बाटली बाहेर द्यायची नाही, असा नियम. आमच्या डॉक्टर, समीक्षा मॅडम, धावत आल्या. वरच्या साहेबांशी फोनवर भांडल्या. साहेबांचं उत्तर एकच, न तपासलेलं औषध माणसाला देता येत नाही. शेवटी मॅडमनी मंगळूला सांगितलं, की सरकारी दवाखान्यात बाटल्या असणारच, आधी तिथे न्या.

तिथे नव्हत्या. होत्या तेवढ्या आठवड्यापूर्वीच संपल्या होत्या. गंगीला जीपमध्ये घालून शहापूरकडे निघाले. तिच्या पापण्या मिटत चालल्या, मग जीभ जड झाली, मग श्वास. शहापूर अजून दूर होतं.

तेरा दिवसांनी मंगळू कामावर आला. समीक्षा मॅडम पागेतच त्याची वाट पाहत होत्या.

"मंगळूदादा, मी ते कुलूप फोडायला हवं होतं."

तो माझ्यापुढे चारा टाकत राहिला. "आन् त्या औषधानंच काय वंगाळ झालं असतं तर? तुमी तरी काय करनार व्हता." मग त्याने विचारलं, "कागद कवा आला?"

"परवा."

"काय लिवलंय?"

"सगळं चांगलं निघालं," मॅडम कशाबशा म्हणाल्या.

त्याच आठवड्यात माझं रक्त काढायची पाळी होती. मंगळूने मला खोड्यात नेलं, कपाळावर हात ठेवला. मला पाय झाडावेसे वाटले, पण झाडले नाहीत. कुणावर झाडणार?

त्यानंतर सुट्टीच्या दर सोमवारी मंगळू त्या सरकारी दवाखान्यात जाऊ लागला. कपाट उघडायला लावायचा, बाटल्या मोजायचा. वाचता येत नसलं तरी मोजता येत होतं. कमी दिसल्या की मॅडमकडून अर्ज लिहून घ्यायचा आणि शहापूरच्या आरोग्य खात्याच्या ऑफिसात बाकावर जाऊन बसायचा. पहिल्यांदा शिपायाने हाकललं. नंतर त्याला बघितलं की चहा मागवू लागले. मॅडम सांगत, त्याने एकदाही आवाज चढवला नाही.

दरम्यान कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली. नव्या मालकांना सापाच्या औषधात रस नाही. शहरातल्या आजारांवरची इंजेक्शनं ते यंत्रांतूनच करणार आहेत. तिथे घोडे लागत नाहीत. अर्धी पागा रिकामी झाली. उद्या मलाही म्हाताऱ्या जनावरांच्या आश्रमात नेणार आहेत. मंगळूचं कामही उद्या संपतंय.

आज सकाळी तो आला तेव्हा त्याने खरारा हातात घेतला नाही. नुसता माझ्याजवळ उभा राहिला. म्हणाला, "काल सकुबाईला पान लागलं, तांबू. आमच्या शेजारची सकुबाई. दवाखान्यात बाटल्या व्हत्या. वाचली ती."

मला वाटलं, तो आनंदाने सांगतोय. पण त्याने माझ्या मानेत तोंड खुपसलं आणि "गंगे, गंगे" करत लहान मुलासारखा रडला. खूप वेळ रडला. माझी मान ओली झाली. मी जागची हलले नाही.

माझ्यात आता देण्यासारखं काही उरलेलं नाही. तुम्ही मात्र सापांच्या शेजारीच राहणार, शेतात वाकणार, भारे उचलणार. मी एवढंच मागते. तुमच्या गावच्या दवाखान्यातलं ते कपाट एकदा उघडून बघा. आजच बघा, कुणाला काही झालेलं नसताना.