हलू नका, उस्ताद

उस्तादांच्या वस्तऱ्याखालून अर्ध्या गल्लीच्या माना गेल्या होत्या आणि सगळ्या धडावर शाबूत परत आल्या होत्या. गिऱ्हाईक खुर्चीत घोरो, फोनवर भांडो, नाहीतर ऐन गळ्यावर वस्तरा असताना शिंको, उस्तादांचा हात ढिम्म. ‘हलू नका’ एवढंच म्हणायचे. दिवसभरात हे दोन शब्द त्यांच्या तोंडून इतक्यांदा निघत की एकदा झोपेत कूस बदलणाऱ्या बायकोलाही त्यांनी तेच सांगितलं होतं.

पण याच हातात पत्त्यांचा कॅट दिला आणि समोर चार माणसं बसवली की तो लटलट कापायला लागे. आणि उस्तादांना तर जादूगार व्हायचं होतं. आता हा किडा त्यांना या वयात कुठून चावला ते देव जाणे. दुपारी सलून रिकामं असलं की आरशासमोर सराव चाले. नाणं मुठीत गायब होई, कानामागून निघे. आरसा कधी हसला नाही, त्यामुळे उस्तादांचा गैरसमज वाढत गेला. एकदा त्यांनी मोठ्या ऐटीत बायकोला नाणं गायब करून दाखवलं.

“यात काय नवीन?” बायको म्हणाली. “पैसे तर तुम्ही लग्न झाल्यापासून गायब करताय.”

तिचा धाकटा भाऊ समोरच्याच इमारतीत राहायचा. विम्याच्या कचेरीत बऱ्यापैकी हुद्दा, अंगाला मंद अत्तराचा वास आणि डोक्यावर इतके आज्ञाधारक केस की पंख्याखालीही जागचे हलत नसत. सख्ख्या दाजींचं सलून दारात असून हा पठ्ठ्या तिथे कधी फिरकला नव्हता. “माझा माणूस ठरलेला आहे, दाजी,” एवढं म्हणून विषय बदलायचा. उस्तादांना ते लागायचं, पण बायकोच्या भावाला बोलणार कोण? त्याच भावाने मुलीच्या वाढदिवसाला त्यांना जादू करायला बोलावलं. सगळी इमारत जमली, म्हणजे उस्तादांची सगळी गिऱ्हाइकं जमली.

पुढे जे झालं त्याला जादू म्हणणं म्हणजे जादूचा अपमान. नाणं मुठीतून निसटलं आणि घरंगळत सोफ्याखाली गेलं. ते काढायला उस्ताद वाकले तर बाहीतला पत्ता पडला. तो उचलताना उरलेला कॅट पडला. “काका, तुम्हाला थंडी वाजते का?” वाढदिवसवालीने विचारलं. मोठी माणसं हसली नाहीत. ती उस्तादांच्या हातांकडे बघत होती. पहिल्या रांगेतले निवृत्त मास्तर, जे एक दिवसाआड दाढीला यायचे, त्यांनी नकळत स्वतःचा गळा चाचपला.

दुसऱ्या दिवसापासून इमारतीत दाढ्या वाढू लागल्या. मास्तर म्हणाले, “ठेवून बघतो जरा. भारदस्त दिसते.” औषधांच्या दुकानदाराला म्हणे त्वचेचा त्रास सुरू झाला. एकाने तर आडून आडून विचारलं, “उस्ताद, सकाळी सकाळी घेत नाही ना?” केस कापायला लोक यायचे, पण वस्तरा उघडला रे उघडला की उठून उभे. आठवडाभरात ती इमारत म्हणजे साधूंचा आखाडा वाटू लागली आणि उस्ताद दुकानात माशा मारत बसले.

ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी हात पुढे धरायला लावले, डोळे मिटायला लावले, बोटाने नाक शिवायला लावलं. हात दगडासारखा स्थिर.

“तुम्हाला काहीही झालेलं नाही,” डॉक्टर म्हणाले. “चार लोक बघतात म्हणून घाबरता, बस्स.”

“मग हे जरा लोकांना सांगाल का? आणि तुमची दाढी पण वाढलेली दिसते. या की दुकानात.”

डॉक्टरांनी गालावरून हात फिरवला. “मी हल्ली घरीच करतो,” ते म्हणाले.

त्या दिवशी उस्तादांना पहिल्यांदा खरी भीती वाटली. हा धंदा गेला तर त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि जे दुसरं येत होतं त्यानेच हा धंदा घालवला होता.

“जादू सोडा,” बायको म्हणाली.

“आता सोडली तर लोक म्हणतील, हात गेला म्हणून सोडली. एकदा सगळ्यांसमोर नीट करून दाखवतो, मगच सोडतो.”

इमारतीच्या गच्चीवर रहिवाशांचा मेळावा होता. मेहुणा हाता-पाया पडला, “दाजी, माझी अब्रू ठेवा.” पण उस्तादांनी वेळ मागून घेतली. त्यांनी श्वासाचे व्यायाम केले, गार पाणी पिऊन बघितलं, कोपर पोटाशी दाबून धरायचं असंही ठरवलं. गच्चीवर दाढ्यांची रांग समोर दिसली आणि सगळं ठरवलेलं वाहून गेलं. दोन नाणी हातात अशी खणखणू लागली की मागच्या रांगेलाही ऐकू गेली.

“हलू नका, उस्ताद!” मागून कुणीतरी ओरडलं आणि गच्ची हसून लोळली.

त्यांचेच दोन शब्द, बिनपाण्याने त्यांचीच हजामत करायला आलेले. उस्तादांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हे वाक्य आजवर त्यांनी म्हणायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं! त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुकानात घाबरायचं काम गिऱ्हाइकाकडे असतं. इथे खुर्चीच नव्हती, म्हणून ते कामही त्यांच्याच गळ्यात पडलं होतं.

“एक खुर्ची आणा,” ते म्हणाले. “आणि एक माणूस.”

खुर्ची आली. माणूस येईना. तेव्हा बायको उठली आणि कोपऱ्यात तोंड लपवून बसलेल्या भावाला दंडाला धरून घेऊन आली. “ताई, अगं...” तो म्हणाला. “बस गप,” ताई म्हणाली.

उस्तादांनी टेबलावरची चादर झटकली, मेहुण्याच्या गळ्याभोवती आवळली आणि त्याची हनुवटी दोन बोटांनी वर केली. “हलू नका.” मेहुण्याने आवंढा गिळला, आणि उस्तादांच्या हातांची थरथर जागच्या जागी थांबली.

मग काय विचारता! नाणं या कानातून गेलं, त्या कानातून आलं. कॉलरमधून रुमालामागून रुमाल निघाले. मास्तरांनी मनात धरलेला पत्ता मेहुण्याच्या खिशात सापडला. टाळ्या थांबेनात. उस्ताद हवेत होते. आणि काम फत्ते झालं की ते रोज जे करायचे तेच सवयीने करून बसले. दोन्ही हात गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ठेवून त्यांनी मालिशला सुरुवात केली.

बोटांना जाळीची कड लागली. पुढच्या क्षणी मेहुण्याचे आज्ञाधारक केस सगळेच्या सगळे उस्तादांच्या हातात होते.

मेहुण्याचं तुळतुळीत डोकं दिव्याखाली चमकत होतं आणि त्याने डोळे घट्ट मिटले होते. सलूनमध्ये का येत नव्हता बिचारा, ते उस्तादांना तेव्हा कळलं, आणि इतकी वर्षं धरलेला राग एकदम विरघळला.

“केस गायब!” उस्ताद गरजले. चादर सोडवून त्यांनी मेहुण्याच्या डोक्यावर टाकली, आत दोन्ही हात घातले, टोप बसवला, कल्ले जुळवले, भांग सरळ केला. आयुष्यात इतकं नाजूक काम त्यांनी कधी इतकं झटपट केलं नव्हतं. “आणि केस परत!” त्यांनी चादर ओढली.

लोकांनी तोंडात बोटं घातली. मास्तर तर खुर्चीवर चढून टाळ्या वाजवत होते.

सकाळी सलूनच्या काचेबाहेर ही गर्दी! टक्कल पडलेल्या औषधवाल्याने दबक्या आवाजात विचारलं की गेलेले केस कायमचे आणता येतील का. पण दाढीचं नाव कुणी काढीना. “बसा ना, मास्तर,” उस्ताद म्हणाले. “आधी दुसऱ्या कुणाची होऊ दे,” मास्तर म्हणाले, “मी बघतो उभ्याने.” प्रत्येकाला दुसऱ्याची मान हवी होती.

गर्दीतून वाट काढत मेहुणा आत आला आणि खुर्चीत बसला. “दाजी, दाढी.”

उस्तादांनी फेस लावला, वस्तरा उघडला आणि आरशात बघितलं. काचेला सगळी गल्ली नाकं चिकटवून उभी होती. इतके डोळे! आणि जे आजवर कधी झालं नव्हतं ते झालं. गिऱ्हाईक खुर्चीत, चादर गळ्याला, आणि वस्तरा थरथरायला लागला. उस्तादांच्या तोंडचं पाणी पळालं. आता संपलं सगळं.

मेहुण्याने थरथरता वस्तरा आरशात पाहिला. उठून जायला वेळ होता.

“सावकाश, दाजी,” तो ओठ न हलवता पुटपुटला. “मला घाई नाही.” आणि त्याने मान मागे टाकून गळा पुढे केला.

उस्तादांनी काचेकडे पाठ केली, कोपर पोटाशी धरलं आणि त्या एका गळ्याशिवाय दुसरं काही बघितलं नाही. थरथर कमी होत गेली, पण शेवटच्या फेरीला हनुवटीखाली एक बारीक लाल रेघ उमटलीच.

मेहुण्याने झटकन टॉवेल ओढून घेतला, जखम दाबली आणि उठून उभा राहिला. मग गहन विचारात पडल्यासारखी मूठ हनुवटीला लावून तो बाहेर गेला.

“लोण्यासारखा हात आहे,” तो गर्दीला म्हणाला. “मास्तर, बसा. मी पुन्हा येणार आहे.”

मास्तर आत येऊन बसले. उस्तादांनी त्यांच्या गळ्याला चादर बांधली आणि काचेतून बाहेर पाहिलं. मेहुणा गल्ली ओलांडत होता, भेटेल त्याच्याशी हसून बोलत होता, आणि जिन्यात शिरेपर्यंत त्याने हनुवटीवरची मूठ काढली नाही.