ताईने घासलेलं नाणं

मी खोटं नाणं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला हातात घेणाऱ्या बहुतेकांनी तसंच म्हटलं आहे. मी टांकसाळीतच जन्मलो, बाकीच्या भावंडांबरोबर, त्याच यंत्रावर. फक्त जन्मताना जरा चुकलो.

आमचा जन्म असा होतो. धातूच्या पत्र्यातून गोल चकत्या कापतात. त्या नळीतून एकेक करून यंत्रात उतरतात. यंत्राचं एक बोट चकतीला ढकलत नेऊन पोलादी कड्यात बसवतं. खाली एक ठसा, वर एक ठसा. वरचा दाणकन आदळतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत चकतीचं नाणं होतं. पण यंत्र झालं तरी कधीतरी चुकतंच. ठशाला तडा गेला तर नाण्यावर नको ती रेघ उठते. आधीचं नाणं ठशालाच चिकटून बसलं तर पुढच्याच्या अंगावर त्याची उलटी छाप खोलगट उमटते. माझ्या वेळी ते ढकलणारं बोट अडखळलं. मी कड्यात बसायच्या आतच ठसा आला. अर्ध्या अंगावर छाप उठली, अर्धं कोरं राहिलं, आणि आवरायला कडं नव्हतं म्हणून मी एका अंगाने पसरलो.

असल्या नाण्यांना वेचून पुन्हा वितळवतात. मी ढिगाच्या तळाशी होतो. वाचलो म्हणायचं की नाही, कोण जाणे.

बाहेर आल्यावर मी कुणालाच नको होतो. दुकानदार गल्ल्यात हात घालत आणि मला तसाच बाजूला सारत. गिऱ्हाइकं मला चांगल्या नाण्यांच्या मधोमध दडवून देत आणि घाईघाईने पाठ फिरवत. देवभोळी, साधी माणसंसुद्धा माझ्यापायी सरळ खोटं बोलत, "छे, हे मी दिलेलंच नाही!"

असाच मी एकदा चष्म्याच्या दुकानात पोचलो. चष्मेवाला जाडसर, शांत, मध्यम वयाचा माणूस होता. एका बाईने चष्म्याची दांडी बसवून घेतली आणि सुट्ट्या पैशांत मला सरकवलं. त्याने मला पाहिलं आणि तो चक्क हसला. बाई ओशाळली. "बदलून देऊ का?" तिने विचारलं.

"नको नको, बदलू नका!" तो म्हणाला, आणि मला कडेने धरून भिंगाखाली नेलं. माझ्याकडे इतका वेळ कुणी पाहिलंच नव्हतं.

त्याच्या घरी एका लाकडी पेटीत माझ्यासारखीच सगळी होती. कुणी दोनदा ठोकलेलं, कुणाचा काठ कापला गेलेला, कुणी दोन्हीकडून कोरंच. घरात तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. आई लवकर गेली, तेव्हापासून त्याला आणि धाकट्या बहिणीला या ताईनेच वाढवलं. तिचं लग्न झालं, नवरा वारला, आणि ती पुन्हा भावाकडे आली. लहानपणी तो गुबगुबीत होता म्हणून ती त्याला अजून ढब्बू म्हणे.

"काय रे ढब्बू, या भंगारात जीव अडकलाय तुझा?"

"भंगार नाही ग ताई. वाया गेलेली पोरं आहेत ही."

"घरात एक आहे तेवढं पुरे होतं की!"

सुट्टीच्या दिवशी त्याचा मित्र, घड्याळं दुरुस्त करणारा, येत असे. दोघं खिडकीशी बसत आणि मला उजेडात तिरका फिरवत. नाणं ठोकलं जाताना धातू कडेकडे पळतो आणि त्या पळण्याच्या केसाहून बारीक रेघा अंगावर राहतात. उजेड त्यांवरून चाकासारखा फिरतो. घरात हातोडीने ठोकलेल्या नाण्यावर त्या नसतात. मी खरा असल्याचा तेवढाच पुरावा होता. बाकी दोघं बोलत काय? गुडघेदुखी, गिऱ्हाइकं, जुन्या गमती. ताई चहा आणून ठेवी आणि त्यांच्यात बसून मोठ्याने हसे. ते माझे बरे दिवस.

मग चष्मेवाल्याच्या छातीत दुखायला लागलं. त्याला रुग्णालयात ठेवलं. ताई दिवसभर तिथे, संध्याकाळी घरी. घरी आली की तिचे हात थांबत नसत. पडदे धुतले, भांडी लख्ख केली, खिडक्यांच्या कोनाड्यांतली धूळ काडीने काढली. तो घरी येणार असं कळलं त्या दिवशी तिने आमची पेटी खाली काढली.

तिने आजवर पेटीला कधी हात लावला नव्हता. त्यामुळे तिला काही सांगून ठेवावं असं त्यालाही कधी सुचलं नव्हतं.

लिंबू, मीठ आणि दात घासायचा जुना ब्रश. एकेकाला तिने घासलं. माझ्यावर बसलेली काळपट साय गेली, तिच्याबरोबर त्या बारीक रेघाही गेल्या. मी ओरडलो असतो, पण आम्हाला तोंड कुठे असतं? ती स्वतःशीच बोलत होती, "किती दिवसांनी येतोय पोरगा. बघून खूश होईल." तिची बोटं आंबटाने चिरली होती. तरी शेवटचं नाणं पुसेपर्यंत ती उठली नाही.

तो आला. तिने त्याला खुर्चीत बसवलं, पाठीशी उशी दिली आणि पेटी उघडून पुढ्यात धरली.

"बघ!"

त्याने पाहिलं. त्याचा चेहरा आधीच उतरलेला होता, म्हणून तिला काही कळलं नाही.

"चकाचक केलीस ग," तो म्हणाला.

"आवडलं ना?"

"हो. खूप आवडलं."

ती आत गेल्यावर त्याने मला खिडकीच्या उजेडात फिरवलं. काहीच फिरलं नाही. मी नुसताच चकाकत होतो, नळाच्या तोटीसारखा. त्याने मला जागेवर ठेवलं आणि झाकण लावलं. त्यानंतर त्याने पेटी उघडली नाही.

ताईला वाटलं, आजारपणाचा थकवा असेल. मग घड्याळवाला भेटायला आला. गप्पा मारता मारता त्याने सवयीने पेटी उघडली आणि तो ओरडलाच, "अरे, कुणी केला हा सत्यानाश? सगळी मातीत घातली की!"

चष्मेवाल्याने डोळ्यांनी त्याला खुणावलं, पण ताई चहा घेऊन दारातच उभी होती.

घड्याळवाला गेल्यावर ती म्हणाली, "मला बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं, ताई? तू एवढ्या मायेने केलंस."

"चार शिव्या दिल्या असत्यास, मी रडले असते, झालं असतं. तू 'आवडलं' म्हणालास."

त्या दिवसापासून ती बदलली. भावाचा कप उचलायच्या आधी विचारायची, "घेऊ का?" टेबल पुसायच्या आधी, "पुसू का रे?" जिने त्याला न्हाऊमाखू घातलं, ती त्याच्या उशीचा अभ्रा काढायलाही परवानगी मागू लागली.

"ताई, असं नको ना विचारत जाऊस," तो कळवळून म्हणायचा.

"नाही, उगीच काहीतरी चुकायचं."

तिच्या डोळ्यांसमोर पेटीच नको, म्हणजे ती विसरेल, असं त्याच्या मनात आलं. त्याने पेटी जुनी नाणी घेणाऱ्या एका व्यापाऱ्याला देऊन टाकली. संध्याकाळी ताईने रिकामा कप्पा पाहिला. तिने काही विचारलं नाही. पण तिला वाटायचं ते वाटलं, की आपल्यामुळे याचं आयुष्यभराचं वेड सुटलं. थोड्याच दिवसांत ती धाकट्या बहिणीकडे राहायला गेली. जाताना डबे भरून ठेवले, औषधाच्या गोळ्या नीट लावून ठेवल्या, आणि तो "थांब ना ग" म्हणत असताना चपला घालून निघाली.

व्यापाऱ्याने मला तेवढं परत पाठवलं. "घरात ठोकलेलं दिसतंय," असा निरोप आला.

आता मी दुकानात असतो, चष्म्याच्या दांड्यांच्या खोक्यात. चष्मेवाल्याने मला तिथे टाकलं तेव्हा भिंगाखाली धरलंही नाही. घड्याळवाला एक-दोनदा येऊन गेला. त्यालाही आपलंच चुकलं असं वाटतं, म्हणून तो फार वेळ बसत नाही. ताईचा फोन येतो. "जेवलास?" "जेवलो. तू?" "हो." शेवटी ती विचारते, "ठेवू का?"

मला कुणी खरं म्हणावं अशी आता माझी इच्छा उरलेली नाही. पण तुमच्या घरात कुणी मायेपोटी तुमचं काही बिघडवलं, तर त्याच्यावर रागवा हो. ओरडा, भांडा, दोन दिवस अबोला धरा. 'आवडलं' तेवढं म्हणू नका.

आत्ताही तिने तेच विचारलंय. तो अजून "ठेव" म्हणालेला नाही. फोन तसाच कानाला आहे.