उघडी फळी

"एवढी एकच फळी राहिली, मिस्टर ओथा," खालून घराच्या नव्या मालकीण पेजबाई म्हणाल्या. "विसरलात वाटतं?"

ओथा ग्रँट शिडीवर होता. डोक्यावर पडवीचं छत, फिकट निळं, अजून ओलं. फक्त झुलत्या खुर्चीच्या वरची एक फळी कोरडी, उघडीबोडकी.

"विसरलो नाही मॅडम. ती तशीच ठेवायची असते."

"का बरं?"

आता हिला काय सांगणार? सव्हाना शहरातल्या या पर्ल गल्लीत छतं निळी का, हे परगावहून आलेले गाइडसुद्धा पाठ म्हणून दाखवतात. भुतांना निळं म्हणजे पाणी वाटतं, पाणी ती ओलांडत नाहीत. पण एक फळी उघडी का, ते त्यांना ठाऊक नाही. ठाऊक असणारी माणसं गल्लीत उरलीच नाहीत. ओथाची आई म्हणायची, "परक्यांना अडवलंस, बरं केलंस. पण घरचं मेलेलं माणूस कुठून येईल रे? भिंतीतून?"

"आईची पद्धत," एवढंच ओथा म्हणाला.

हे घर त्याच्या आईचं. भाड्याचं, पण तिचंच. मीना ग्रँटनं जन्मभर याच पडवीत शेंगा सोलल्या, जाणाऱ्यायेणाऱ्याला नावानं हाक मारली, नवरा-बायकोची भांडणं मिटवली आणि याच खुर्चीत मान टाकली. मग मालकानं घर विकलं आणि गल्ली सुधारली. सुधारली म्हणजे काय, आम्हाला पुलापलीकडे हाकललं. आता कुठलंसं मासिक म्हणतं, आमच्या जुन्या शहराइतकं लोभस, राहण्याजोगं शहर अमेरिकेच्या दक्षिणेत दुसरं नाही. ओकची सावली, पायी जाता येणारी दुकानं, पडवीतून हात हलवणारे शेजारी. शेजारी! निम्मी घरं पाहुण्यांना रोजच्या भाड्यानं देतात. हात हलवायला आम्ही होतो तेव्हा एकाही हरामखोराला ही गल्ली लोभस दिसली नाही.

आणि रंगवायला परत आम्हीच. नवे मालक छत अख्खं निळं मागायचे, ओथा अख्खं निळं करून द्यायचा. पोट होतं. उघड्या फळ्या एकेक करून त्यानंच बुजवल्या.

मग जिन्यातला तो प्रकार सुरू झाला. ओथा आणि त्याची बहीण ड्रुसिला पुलापलीकडे दुसऱ्या मजल्यावर राहतात. पडवी नाही, अंगण नाही, नुसता सिमेंटचा जिना.

"तुझी गल्ली आलीय बघ," आज सकाळीच ड्रुसिला म्हणाली होती. "मेले तरी कफीकाका खाली खोकतायत."

"पाण्याचा नळ असेल."

"नळाला तंबाखूचा वास येतो होय रे? त्यांचं छत तू बुजवलंस त्याच दिवसापासून येतोय. घर बंद केलंस, मग तुझ्याच मागं येणार की. काल शिंपीणकाकूंचं मशीन ऐकलं. परवा आणखी कोण, देव जाणे. मी धुणं घेऊन खाली कशी जाऊ? प्रत्येकाला ‘जरा सरका’ म्हणत?"

"म्हण की. तुझ्या तोंडाला घाबरून पळतील."

ती हसली नाही. टोपली कमरेवर तशीच धरून म्हणाली, "आई नाही आली अजून."

"तिची फळी उघडी आहे."

"आपण तिला बोलावलंच नव्हतं, ओथा."

आमच्यात घर सोडताना उंबऱ्यावर उभं राहून प्रत्येकाला नावानं हाक मारतात. लेकराला, आजाऱ्याला, मेलेल्यालाही. चल, मागं राहू नकोस. नाही मारली तर जीव तिथंच बसून राहतो. पण त्या दिवशी मालकाचा माणूस कुलूप बदलत उभा होता, ट्रकवाला शिव्या देत होता, आणि ज्या बाईनं अख्ख्या गल्लीला नावानं हाका मारल्या तिलाच हाक मारायचं राहून गेलं. सगळ्याच घरांचं तसं झालं.

"मिस्टर ओथा, ऐकताय ना? उद्या फोटोवाले येतायत. ती फळी अगदी डोळ्यांत खुपते हो," पेजबाई म्हणाल्या. मग एकदम त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "श्श! बघा, बघा!"

खुर्ची हलत होती. वारा अजिबात नव्हता, ओकवरचं करडं शेवाळ निश्चल लोंबत होतं. खुर्ची सावकाश पुढं जायची, मागं यायची, मध्ये किंचित थांबायची. मीनाबाई शेंग सोलताना थांबायची तशी.

ओथानं शिडी घट्ट धरली.

"गोड ना?" पेजबाई कुजबुजल्या. "पाहुणे हिच्यासाठीच येतात. जाहिरातीत घातलंय मी. गेल्या आठवड्यात एक जण ती हलत असतानाच तिच्यावर जाऊन बसला, फोटो काढायला. म्हणाला, खालून गारगार लागतंय! अहो, हसून हसून पोट दुखलं आमचं."

ओथा शिडी उतरला, खुर्चीच्या बाजूला सरकवली, परत चढला. ब्रश डब्यात बुडवला.

"लावताय? थँक्यू! मला वाटलंच, तुम्ही समजून घ्याल."

"समजलं मॅडम."

फळी मोठी नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यानं ब्रश एकदाच नेला, न उचलता. ब्रश टोकाला पोचला तशी खुर्ची थांबली. मागं झुकलेलीच थांबली, पुढं आलीच नाही. पेजबाईंचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. त्यांनी खुर्चीला बोटानं ढकललं. ती हलली नाही.

ओथानं सामान उचललं आणि उंबऱ्यावर उभा राहिला. टोपी काढली.

"मीना ग्रँट," तो मोठ्यानं म्हणाला, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं. "आई, चल. मागं राहू नकोस."

"कोणाशी बोलताय?" पेजबाईंनी विचारलं. त्यानं आपल्या ट्रकचं पलीकडचं दार उघडलं, जरा वेळ धरून ठेवलं, मग हळूच लावलं, म्हाताऱ्या बाईचा झगा दारात अडकू नये तसं.

पुलावर सूर्य उतरत होता. ओथानं रेडिओ लावला नाही. आईला गाणी आवडायची नाहीत.

ड्रुसिला जिन्याच्या वरच्या टोकाला उभी होती, हातात स्वयंपाकघरातली खुर्ची. घरात दोनच होत्या. तिनं खुर्ची दाराबाहेर मांडली.

जिना रिकामा होता. तंबाखूचा वास दाटला होता.

"जरा सरका," ओथा खालून म्हणाला. "आई आलीय."

खालच्या पायरीपासून वरपर्यंत एकेका पायरीवर कापड घासल्याचा आवाज झाला. मग वरच्या खुर्चीची वेताची बैठक करकरली.

रात्रीचं जेवण ओथानं उभ्यानंच केलं.