पोरीला नंबर नसतो

ग्रहणाच्या बाबतीत झुंबरबाईंचा शब्द म्हणजे गावात कायदा. रावेरकडच्या त्या केळीच्या गावात कोणाच्या सुनेला दिवस गेलेत हे त्यांना त्या सुनेच्या नवऱ्याआधी कळायचं. ग्रहणाच्या दिवशी बाई दारोदार फिरून बजावून यायच्या: चिरायचं नाही, शिवायचं नाही, गाठ मारायची नाही. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. भाद्रपदातल्या ग्रहणाचे वेध लागले, त्याच दुपारी तिसरा महिना लागलेल्या स्वतःच्या सुनेला, मयुरीला, त्या म्हणाल्या, "उद्या भावकीचं जेवन हाये, केळीच्या पानांच्या जुड्या बांधून ठेव." आणि दुसऱ्यांच्या सुना राखायला बाहेर पडल्या.

फाल्गुनात मुलगी झाली, मोहिनी. नाकीडोळी नीटस, आवाज खणखणीत, पण डावा हात वेगळा. एका बोटाला आवळल्यासारखी खोल खाच, मधल्या दोन बोटांची टोकं जुळलेली, करंगळी अर्धीच. ती खाच पाहिली आणि झुंबरबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. केळीच्या सोपटानं, खोडाच्या वाळक्या सालीनं, जुडी आवळतात, तश्शीच ती खूण.

त्या दिवसापासून त्यांनी नातीला हात लावला नाही. मयुरीला आई नव्हती, बाळंतपण सासरीच. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, कशातच झुंबरबाईंनी कमी केलं नाही. पण "अक्का, हिला घ्या जरा" मयुरीनं म्हटलं, की कधी गुडघा दुखायचा, कधी हात पिठाचे. ज्या तोंडानं जुड्या बांधायला सांगितलं, त्या तोंडानं पोरीचा मुका कसा घ्यायचा? आतल्या आत बाई खंगत होत्या. मयुरीनं मात्र सरळ अर्थ काढला: सासूला ही पोर नको आहे. चारचौघांत ती बाळाच्या हातावर मोजा चढवायला लागली.

बेचाळिसाव्या दिवशी झुंबरबाईंचा मुलगा हितेंद्र सगळ्यांना धुळ्याला हाताच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. डॉ. सारिका पस्तिशीच्या, हसऱ्या. त्यांनी मोजा काढला, प्रत्येक बोट निरखलं आणि कागदावर चार चित्रं काढली.

"याचे चार प्रकार मानतात. पहिला, नुसती खाच. दुसरा, खाचेच्या पुढचं बोट सुजलेलं. तिसरा, टोकं जुळलेली. चौथा, पुढचा भाग गळलेला. हिच्याकडे पहिला, तिसरा आणि चौथा आहे."

झुंबरबाईंनी जन्मभर केळीच्या घडांची प्रतवारी केलेली. त्यांनी घाबरत विचारलं, "मंग ही पोर कितव्या नंबरची म्हना?"

"नंबर बोटांना असतो अक्का, पोरीला नसतो. कुठल्या बोटाला काय करायचं ते ठरवायला. खाच मोकळी करू, जुळलेली बोटं सोडवू. करंगळी आखूडच राहील. पण हात कामाचा होईल."

इथं झुंबरबाईंचा बांध फुटला. "डॉक्टरीनबाई, हे माह्यं पाप हाये. गिऱ्हानात मीच सुनेले जुड्या बांधाले लावल्या."

मयुरी सासूकडे बघतच राहिली. मग खालमानेनं म्हणाली, "अक्का, मी एकही जुडी बांधली नाही. तुम्ही गेल्या आणि मी झोपले. जुड्या यांनी बांधल्या."

हितेंद्रनं मान डोलावली. क्षणभर झुंबरबाईंचा चेहरा उजळला, आणि लगेच त्या मुलावर उलटल्या. "म्हंजी तुह्या गाठी लागल्या पोरीले?"

डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "कोणाच्याच नाही. पोटात बाळाभोवती पाण्याची पिशवी असते. तिचा आतला पापुद्रा कधी फाटतो आणि त्याचे धागे बोटांना गुंडाळतात. का फाटतो, ते आम्हालाही नेमकं ठाऊक नाही. पण गाठींनी नाही, ग्रहणानंही नाही."

दाराशी उभ्या मंदाबाई सिस्टर अहिराणीत म्हणाल्या, "अक्का, कोन्हाबी दोष नई शे. रडू नका."

झुंबरबाईंनी डोळे पुसले आणि पदर पसरला. मयुरीनं मोहिनीला त्यांच्या ओटीत ठेवलं. "बेचाळीस दिवस तुले उपाशी ठेवलं वं माय," त्या नातीला म्हणाल्या आणि तिच्या त्या चारही बोटांचे, मग उरलेल्या अंगठ्याचे मुके घेतले. मयुरी हसता हसता रडली. "मला वाटलं, तुम्हाला ही नकोच आहे."

"नको?" झुंबरबाई म्हणाल्या. "येडी का काय तू?"

परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईनं बाळाचा हात पाहिला आणि आवाज बारीक करून विचारलं, "गिऱ्हान पाळलं नव्हतं का सुनेनं?"

मयुरीनं सवयीनं मोजा शोधायला पिशवीत हात घातला. झुंबरबाईंनी तो हात धरला.

"गिऱ्हानाचं मले विचारा बाई, त्यात माहा हातखंडा हाये," त्या म्हणाल्या. "त्याचा काही संबंध नही. अन् हिच्या मायनं सारं बराबर केलं." मग त्यांनी पापुद्र्यापासून करंगळीपर्यंत सगळं सांगितलं, चारही प्रकारांसकट. दोन प्रकारांची अदलाबदल झाली, पण कोण तपासतंय.

पारोळा गेलं, एरंडोल गेलं. कित्येक दिवसांनी मयुरीला गाढ झोप लागली होती. जळगाव आलं तेव्हा हितेंद्र तिला चहासाठी उठवायला वाकला, तर आईनं डोळे वटारले. "झोपू दे तिले," त्या म्हणाल्या, "पोर माह्यापाशी हाये."