निम्मेसाहेबांची जेट-स्की

मित्रांनो, मी एक जुनी जेट-स्की. पाण्यावरची स्कूटर म्हणा हवे तर. पण स्कूटर रस्त्यात बंद पडली तरी बुडत नाही. मला ती सोय नाही. माझ्या पोटात एक पंखा आहे. तो खालून पाणी ओढतो, मागे जोरात फेकतो आणि मी पळते. एवढेच माझे कसब.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पिवळीधमक होते. एका तलावावर मला भाड्याने देत. जो येई तो माझ्यावर बसे, किंचाळे, ओला होई आणि उतरताना माझी पाठ थोपटे. कौतुकाने माणसे शेफारतात, तशी मीही शेफारले. मग एके दिवशी भाडेवाला माझ्या पेट्रोलमध्ये तेल मिसळायचे विसरला आणि तसेच मला दिवसभर पळवले. माझे दोन्ही पिस्टन तापून सिलिंडरला चिकटले आणि मी भर तलावात थांबले. मला दोरीने ओढून आणले, ताडपत्रीखाली ढकलले आणि सगळे विसरून गेले. माझ्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. त्यांची पोरेबाळे तिथेच लहानाची मोठी झाली.

तिथून मला निम्मेसाहेबांनी उचलले. हे त्यांचे आडनाव नव्हे. त्यांचे सलून होते. केस तेवढे ते पूर्ण कापत, कारण गिऱ्हाईक समोरच्या आरशात बघत असे. बाकी त्यांनी हात लावलेले प्रत्येक काम निम्मे राही, म्हणून गल्लीने हे नाव ठेवले होते. घराच्या दाराला निम्माच रंग होता. त्यांच्या आईची कंबर शेकायची रबरी पिशवी बूच हरवल्यामुळे कधीची खुंटीला लोंबकळत होती. नवीन बूच ते उद्या आणणार होते.

माझी स्वारी घरामागच्या शेडमध्ये आली आणि घरात कुरुक्षेत्र झाले. साहेबांच्या बायको शिवणकाम करीत. त्यांचे मशीन न्हाणीघराच्या दाराशी बोळात होते. कोणी आंघोळीला निघाले की बाईंना खुर्चीसकट उठावे लागे. ती शेड त्यांना मिळायची होती, आणि तिथे मी येऊन बसले.

बाई शेवटी शांतपणे म्हणाल्या, “अहो, तलाव बोटींसाठी उघडतो त्या रविवारी ही चालली, तर शेड हिची. नाही चालली, तर सोमवारी भंगारवाला येईल आणि शेड माझी. निम्मी चाललेली मी धरणार नाही.”

भंगारवाल्याचे नाव ऐकून माझा गंजसुद्धा शहारला.

साहेबांनी पहिल्याच दिवशी माझ्या बुडाचे बूच काढले. आमच्या बुडाशी एक भोक असते. पोटात साचलेले पाणी जमिनीवर आल्यावर तिथून सोडायचे आणि तलावात उतरण्याआधी आठवणीने बूच पिळून बसवायचे. पाणी, चिखल आणि उंदरांचे बिऱ्हाड बाहेर पडले. बूच साहेबांनी खिडकीत ठेवले.

मग त्यांनी इंजिन खोलले. त्यांची रीत सलूनचीच. आधी माझ्याभोवती पांढरे कापड गुंडाळले. काजळी जुन्या वस्तऱ्याने खरवडली, कार्बोरेटर दाढीच्या ब्रशने धुतला, ओले स्पार्क प्लग केस वाळवायच्या यंत्राने वाळवले. नवे पिस्टन बसल्यावर सवयीने माझ्या मागे आरसाही धरला. सलूनमध्येही त्यांच्या तोंडी मीच. पिस्टनच्या रिंगा कशा बसवतात हे एकाला समजावताना त्याचा एक कल्ला कानाच्या वर गेला. दुसऱ्या दिवशी तो गृहस्थ तणतणत आला, आणि दुसरा कल्लाही तेवढाच वर करून घेऊन रिंगा बसल्या का ते विचारून गेला.

आजींना, म्हणजे साहेबांच्या आईंना, पसारा सोसवत नसे. एकदा त्या शेड आवरायला आल्या आणि खिडकीतले आट्यांचे काळे बूच त्यांच्या हाती लागले. त्यांनी ते शेकायच्या पिशवीला लावून पाहिले. चपखल बसले. “देव पावला. याच्या उद्याची वाट बघत बसले असते तर कंबर गेली असती,” असे म्हणत त्या निघून गेल्या. मी काय करणार? मला भोंगाही नाही.

हळूहळू बाईही शेडमध्ये डोकावू लागल्या. माझ्या फाटक्या सीटवर त्यांनी नवे कव्हर शिवले. वाकडी शिवण दिसली की घास उतरत नाही, प्रेमाबिमाचे काही नाही, असे त्यांनी न विचारताच सांगितले. पुढे एका संध्याकाळी साहेबांनी बटण दाबले आणि मी बोलले. इतक्या वर्षांनी माझा स्वतःचा आवाज ऐकून मला भरून आले. बोळातले मशीन थांबले होते.

रविवारी सारे तलावावर आले. आजी घडीच्या खुर्चीत, पाठीशी गरम पिशवी. साहेब ऐटीत माझ्यावर बसले. मी सुटले, आणि काय सांगू, पहिले शंभर हात मी तीच जुनी पिवळीधमक होते. मग माझे बूड जड होऊ लागले.

बाई काठावरून ओरडल्या, “अहो, मागून बुडतेय ती.” साहेबांना वाटले, ही नेहमीचीच थट्टा. पण माझा वेग मरू लागला, त्यांनी वळून पाहिले आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पाणी कार्बोरेटरपर्यंत चढले असते तर सारी मेहनत मातीत गेली असती. त्यांनी मला कसेबसे काठाकडे आणले आणि ‘बूच, बूच’ एवढेच म्हणत राहिले.

आजींचा हात सावकाश कमरेमागे गेला. “अरे, ते आट्यांचं काळं का? त्यावर तर मी टेकलेय.”

बाईंनी पिशवी ओढली, गरम पाणी वाळूत ओतले आणि बूच घेऊन कपड्यांसकट कमरेइतक्या पाण्यात शिरल्या. भोक पाण्याखाली, दिसत काहीच नव्हते. पण अंधारात सुई ओवणारी बोटे ती. पहिल्याच फटक्यात बूच बसले. साहेबांनी सीट उचलून दाढीच्या मगाने माझे पोट उपसले. पाणी कार्बोरेटरच्या बोटभर खाली थांबले होते.

“सरका,” बाई म्हणाल्या. “निम्मी धरणार नाही म्हटलं होतं ना? पुरी फेरी मीच मारते.”

त्यांनी मला पलीकडच्या काठापर्यंत नेले आणि परत आणले. येताना त्या किंचाळत होत्या. भिजून चिंब उतरल्या आणि माझी पाठ थोपटून म्हणाल्या, “चालली. शेड हिची.”

पण सोमवारी साहेबांनी सलून बंद ठेवले. मला शेडच्या बाहेर पत्र्याखाली उभे केले, शेडला आतून रंग दिला, चारही भिंतींना, आणि बाईंचे मशीन आत नेऊन मांडले. गल्ली बघायला जमली होती. बाईंनी मला ऊन-पावसाचे कव्हर शिवले. सरळ शिवणीचे.

मित्रांनो, राक्षसाचा प्राण पोपटात असतो, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. माझा प्राण आजींच्या पिशवीत आहे. आम्हा दोघींत अजून एकच बूच. तलावावर निघताना साहेब ते आजींकडून मागून नेतात आणि परतल्यावर आधी त्यांची पिशवी भरून देतात. माझे मागणे एवढेच: यंत्र असो की घरातले माणूस, मोठ्या दुखण्याकडे सगळेच धावतात, त्याच्या लहानशा बुचाकडेही कोणीतरी बघावे.

नवीन बूच साहेब उद्या आणणार आहेत.