हलक्या हाताचा कोमुरय्या

"बापू, या खेपेला ताप यायचा नाही हं!" कडेवरचं लेकरू सावरत स्वरूपाने बापाला दटावलं. "थोरल्याच्या जावळाला तुला ताप आला. मधलीच्या वेळी कंबर धरली. आता काय धरणार ते आत्ताच सांग, म्हणजे आम्ही दुसरा न्हावी बघतो."

मंडपातले बाकीचे न्हावी हसले. कोमुरय्याही हसला. हसताना डोळे मिटले तरी कुणाला वावगं वाटत नाही, हा हसण्याचा मोठाच फायदा.

डोंगरावरच्या त्या देवळात नवसाचे केस उतरवण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली होती. खिडकीवर टोकनाबरोबर कागदात गुंडाळलेलं अर्धं पातं मिळायचं. भाविकाने ते आणून द्यायचं, न्हाव्याने आपल्या वस्तऱ्याच्या मुठीत बसवायचं. कोमुरय्यासमोरची रांग नेहमीच लांब. एक तर सव्वीस वर्षांत त्याच्या हातून कुणाच्या डोक्याला ओरखडा आला नव्हता. शिवाय प्रत्येक डोक्याआधी तो डोळे मिटून मुठीवर सात वेळा अंगठा दाबायचा आणि काहीतरी पुटपुटायचा. लोक म्हणत, देवाशी बोलतो. बायाबापड्या पाया पडत. देवस्थानच्या एका साहेबांनी तर त्याला नव्या भरतीपुढे उभं करून अर्धा तास भाषण ठोकलं होतं: भक्ती शिकावी तर यांच्याकडून.

कोमुरय्या पुटपुटायचा ते एवढंच, 'मी कापणार नाही.' सात वेळा. मध्ये कुणी खोकलं, तर पुन्हा पहिल्यापासून.

नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात एका म्हाताऱ्याची मान समोर वाकली होती. ती बघताना मनात आलं, आत्ता हात खाली ओढला तर? कोमुरय्याला घामच फुटला. हा विचार त्याने आणला नव्हता. मग आणला कुणी? आणि ज्याने न विचारता विचार आणला, त्याने न विचारता हातही ओढला तर? त्या दिवसापासून सात हा आकडा त्याचा मालक झाला. घरी तो भाजी चिरत नसे, विळीच्या वाटेला जात नसे. बायको समजायची, दिवसभर पाती धरून कंटाळतो बिचारा.

गेल्या महिन्यात डोळे तपासायला म्हणून तो करीमनगरला गेला आणि मनाच्या डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसला. आपलं ऐकल्यावर त्या पोलिसांना बोलावतील असं वाटून पिशवीत कपड्यांचा एक जोड घेऊन गेला होता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चहा मागवला.

"हा आजार आहे, बाबाय," त्या म्हणाल्या. "असले विचार माझ्याही मनात येतात. पुलावर उभी असले की वाटतं, उडी मारली तर? मी पुढे चालू लागते. तुम्ही थांबून त्याची समजूत घालत बसता."

"पण मग हात कुणाच्या ताब्यात, अम्मा?"

"सव्वीस वर्षं कुणाच्या होता?"

"साताच्या."

बाई हसल्या नाहीत. "एकदा न मोजता करून बघा. भीती वाटेल. वाटू द्या."

गोळ्या त्याने नेमाने घेतल्या. न मोजता मात्र एकही डोकं झालं नव्हतं.

आता त्याचा मुलगा ओदेलू भाचीला मांडीवर घेऊन समोर बसला. मामाच्या मानाच्या तीन बटा त्याने कात्रीने उतरवल्या. कोमुरय्याने कोमट पाणी लावलं. ओल्या जावळाखाली पोरीची टाळू धडधडताना दिसत होती. तो विचार आला. आज तो हळू आला नाही.

त्याने डोळे मिटले. एक, दोन, तीन, चार... पोरीने भोकाड पसरलं. पुन्हा एक, दोन... ओदेलूने तिला चुचकारलं. पुन्हा पहिल्यापासून. असं पाच वेळा झालं. रांगेत चुळबुळ सुरू झाली.

"काय कोमुरन्ना," शेजारच्या चौथऱ्यावरच्या सत्तय्या न्हाव्याने टोला हाणला, "आज देवाचा फोन लागेना का?"

मंडप खदखदला. स्वरूपा तेवढी हसली नाही. बापाच्या कपाळावरून घामाची धार नाकाच्या शेंड्यापर्यंत आली होती.

"बापू? काय होतंय?"

कोमुरय्याने मूठ सत्तय्यापुढे धरली. "तूच कर बाबा."

"बापू!"

"पोरी," तो इतक्या हळू बोलला की तिला वाकावं लागलं, "मला भीती वाटते. माझ्याच हाताची. माझ्या हातून तिला काही होईल म्हणून."

स्वरूपाने पदराने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाली, "आणि आठ वर्षं मी समजत होते, तुला माझी पोरं आवडत नाहीत."

तिने सत्तय्यापुढचा बापाचा हात मनगटाला धरून मागे आणला. मग लेकीचं डोकं दोन्ही तळव्यांत घेऊन त्याच्यापुढे वाकवलं.

"भी," ती म्हणाली. "पण कर."

त्याने मोजलं नाही. पातं टेकलं, आणि तो विचार पहिल्या फटक्यापासून शेवटपर्यंत तिथेच होता. हातही तिथेच होता. टाळू पार झाली. अर्धं डोकं झालं. कानामागे आल्यावर पोरीने हिसडा दिला.

मोहरीएवढा लाल ठिपका.

कोमुरय्याचा हात हवेतच थांबला. सव्वीस वर्षं ज्याच्यावर पहारा दिला, ते हे एवढं? की ही फक्त सुरुवात? स्वरूपाने अंगठ्याने ठिपका पुसला, वाटीतलं चंदन त्यावर दाबलं आणि लेकीचं डोकं पुन्हा वाकवलं.

"इकडची बाजू राहिली, बापू."

राहिलेली बाजू त्याने केली. डोक्याला चंदन फासलेली पिवळीधमक भाची मामाने उचलली.

पुढच्या टोकनाचा माणूस येऊन बसला. कागदातलं अर्धं पातं त्याने पुढे केलं. कोमुरय्याने ते मुठीत बसवलं. अंगठा आपणहून मुठीवर गेला. एक. दोन. माणसाने श्रद्धेने हात जोडले आणि तो वाट बघू लागला.

कोमुरय्याने अंगठा उचलला. विचार अजून तिथेच होता. तो जायची वाट न बघता कोमुरय्या म्हणाला,

"मान खाली करा."