सहावं चिन्ह

छापखान्याच्या आतल्या खोलीत, टिंबताईच्या टेबलासमोरच्या भिंतीवर, तिच्या सासऱ्यांच्या हातचा एक कागद चिकटवलेला होता. त्यावर छापखान्याचे अकरा नियम होते. सातवा असा: ‘उतारा आत सरकवून बारीक अक्षरात घेतला, की त्याला अवतरणचिन्हं घालू नयेत. एका डोक्यावर दोन टोप्या नकोत.’ सासरे जाऊन नऊ वर्षं झाली होती. कागद पिवळा पडला होता, पण सातव्या नियमाला कुणी हात लावला नव्हता.

टिंबताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ओळीत कुठे अनुस्वार राहिला तर वहिनीला तो दारातूनच दिसतो, असं म्हणून दिराने ते पाडलं होतं. तो बाहेर यंत्र सांभाळायचा, ती आत संगणकावर पानं लावायची. लग्न होऊन आली तेव्हा ती विज्ञानाची पदवीधर होती आणि छापखान्यात अगदीच ढ. जे काही येत होतं ते सासऱ्यांनी शेजारी बसवून शिकवलेलं.

त्या दिवशी लेखिका प्रुफं घेऊन आल्या. शाळेत रसायनशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. प्रयोगशाळेत काम कसं करावं यावर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं आणि त्यात एक्केचाळीस उतारे होते. सगळे एकाच ठिकाणचे. विद्यार्थिनी असताना त्यांच्या वह्यांमध्ये त्यांच्या शिक्षिकेने लाल शाईने जे शेरे लिहिले होते, ते.

“उताऱ्यांना अवतरणचिन्हं घाला,” लेखिका म्हणाल्या.

“मॅडम, उतारा आत सरकवलाय. अक्षरही लहान आहे. बघणाऱ्याला लगेच कळतं, की हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे.”

“बघणाऱ्याला कळतं. माझ्या बाईंना कळणार नाही.”

टिंबताईने मान वर केली.

“अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत त्या,” लेखिका म्हणाल्या. “भिंगाने वाचतात. भिंगात मावतात दोन-तीन शब्द. त्यात समास कुठे दिसणार? आणि बारीक अक्षर आणि मोठं अक्षर, भिंगाखाली सगळं मोठंच. त्यांना वाटेल, पोरीने माझी वाक्यं उचलली आणि आपल्या नावावर खपवली.”

“प्रस्तावनेत लिहा ना तसं.”

“प्रस्तावना बाई वाचत नाहीत. प्रस्तावना म्हणजे न केलेला प्रयोग, असं म्हणायच्या.” लेखिका हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. “हे पुस्तक मी त्यांचे आभार मानायला लिहिलंय. आभार मानायला गेले आणि चोर ठरले, असं नको व्हायला.”

दारातून दिराने डोकं घातलं. “दोन टोप्या घातल्या तर निदान ऊन तरी लागत नाही, वहिनी.”

“भाऊजी, तुम्ही तुमच्या शाईकडे बघा.”

लेखिका गेल्यावर तिने खणातून सासऱ्यांचं भिंग काढलं. एका नऊ ओळींच्या उताऱ्याला सुरुवातीला आणि शेवटी चिन्ह घातलं, पान छापून घेतलं आणि भिंग पानावर ठेवून हळूहळू सरकवत गेली. पहिल्या ओळीत चिन्ह दिसलं. पाचव्या ओळीपर्यंत येता येता ते विसरायला झालं. मध्येच कुठे भिंग टेकलं तर आपण कुणाच्या घरात आहोत हे कळायला काही मार्ग नव्हता. लेखिकेचं म्हणणं खरं होतं, आणि लेखिकेने सांगितलेला उपायही अपुरा होता.

तिने भिंग बाजूला ठेवलं. मग उठून कपाटाच्या वरच्या फळीवरचं एक जाड पुस्तक तिने खाली काढलं. शिशाचे खिळे जुळवून छापायचे त्या काळातलं. सासऱ्यांनी ते नमुना म्हणून जपलं होतं. त्यात उताऱ्याच्या नुसत्या सुरुवातीलाच नव्हे, तर प्रत्येक ओळीच्या आरंभी अवतरणचिन्ह होतं. डाव्या कडेने खालपर्यंत. नवी असताना ते बघून ती हसली होती. “बाबा, ही तर मुंग्यांची रांग.” सासरे खिळे पुसत म्हणाले होते, “हसू नकोस. मुंगी उगाच रांग लावत नाही.”

तेव्हा तिने कारण विचारलं नव्हतं. आज पुस्तक मांडीवर घेऊन तिने त्या रांगेवर भिंग ठेवलं. ओळ कुठलीही असो, तिच्या तोंडाशी गेलं की चिन्ह हजर.

संगणकाला हे जमत नव्हतं. तिने मग प्रत्येक उताऱ्याच्या डाव्या बाजूला एक अरुंद रकाना आखला आणि त्यात ओळीमागे एक, अशी चिन्हं हाताने बसवली. एक्केचाळीस उतारे, तीनशे बारा ओळी. चार दिवस लागले. दीर येता-जाता विचारायचा, “मुंग्या कुठवर आल्या?”

शेवटच्या प्रुफात लेखिकेने अगदी किरकोळ दुरुस्ती केली. तेविसाव्या उताऱ्यात ‘सावकाश’ हा शब्द चुकून दोनदा पडला होता, तो एकदा काढला. टिंबताईने शब्द काढला, पुढचे-मागचे अनुस्वार तपासले आणि पान पुढे पाठवलं. दिराने नमुन्याची एकच प्रत छापून, बांधून दिली. बाकीच्या प्रती ती पसंत पडल्यावर छापायच्या होत्या.

“तुम्हीच चला माझ्याबरोबर,” लेखिका म्हणाल्या. “मला एकटीला धीर होत नाही.”

बाईंची खोली लहान होती. खिडकीला टेकून टेबल, त्यावर एक दिवा, एक पेला आणि एक मोठं भिंग. भिंगाची मूठ चिकटपट्टी गुंडाळून जाड केलेली होती. बाईंनी पुस्तक हातात घेतलं, वजन केल्यासारखं थोडं हलवलं आणि प्रस्तावनेची पानं एकदम उलटली. लेखिकेने टिंबताईकडे पाहिलं.

बाई वाचत राहिल्या. भिंग कागदावरून गोगलगायीसारखं सरकत होतं. दोघी दोन खुर्च्यांवर, परीक्षेला बसल्यासारख्या.

“हे मी लिहिलेलं,” खूप वेळाने बाई म्हणाल्या. पुन्हा काही पानांनी, “हेही माझंच. तेव्हा तू नळी फोडली होतीस.”

“दोन फोडल्या होत्या, बाई.”

“दुसरी मी मोजली नाही.”

लेखिकेचे खांदे सैल पडले. टिंबताई खुर्चीत मागे टेकली. भिंग पुढे गेलं, थांबलं, मागे आलं आणि पुन्हा थांबलं.

“हे माझं नाही.”

लेखिका उठून टेबलाजवळ गेल्या. बाईंनी ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं. “‘रंग बदलल्यानंतरचा थेंब कुणालाही ओळखता येतो, बदलण्याआधीचा ओळखता आला पाहिजे.’ मी तुला फक्त थेंब थेंब सोड म्हणून सांगितलं होतं. एवढं चांगलं मला नाही सुचलं कधी. पण चिन्ह तर आहे इथे.”

टिंबताईने वाकून पाहिलं आणि तिचे कान तापले. तेविसावा उतारा. शब्द काढल्यावर सहा ओळींच्या पाच झाल्या होत्या, पण रकान्यातली चिन्हं सहाच राहिली होती. सहावं चिन्ह लेखिकेच्या परिच्छेदाच्या तोंडाशी, सुरुवातीच्या मोकळ्या जागेत, जणू तिथेच जन्मल्यासारखं बसलं होतं. अनुस्वार दारातून दिसणाऱ्या टिंबताईला हे नाकासमोर दिसलं नव्हतं.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “अनुस्वार तपासले, चिन्हं मोजली नाहीत.”

“ही रांग तुम्ही लावलीत?” बाईंनी प्रथमच तिच्याकडे तोंड वळवलं.

“हो. म्हणजे, सासऱ्यांनी दाखवली होती.”

“मग ते सहावं तेवढं काढा. बाकीची असू द्या. गेली सहा वर्षं मला पुस्तकात कोण बोलतंय तेच कळत नाही. कंटाळून अर्ध्यात ठेवून देते.” त्यांनी बोट रांगेवरून खाली नेलं. “आज कळलं.”

मग त्यांनी खण उघडला, चाचपून लाल पेन काढलं आणि भिंगाखाली, हळूहळू, त्या वाक्याच्या शेजारी समासात लिहिलं: ‘हे तुझं. बरोबर.’ खाली एक वाकडी खूण केली. लेखिकेने चष्मा काढला. पदराने चष्मा पुसायला त्यांना फार वेळ लागला.

निघताना बाई टिंबताईला म्हणाल्या, “पोरीचं वाक्य माझ्या पदरात टाकत होतात. बरं झालं चुकलात, नाहीतर मला ते इतकं थांबून वाचायला मिळालं नसतं.”

छापखान्यात परतल्यावर तिने आधी सहावं चिन्ह काढलं. मग एक्केचाळीसही रकाने पुन्हा मोजले, बोट ठेवून. दीर हात पुसत आत आला.

“काय म्हणाल्या?”

“एक मुंगी जास्त झाली होती.”

“आणि बाबांच्या सातव्या नियमाचं काय करायचं?”

टिंबताईने कपाटातून काढलेल्या जाड पुस्तकावरची धूळ पुसली आणि ते फळीवर न ठेवता टेबलावरच, हाताशी ठेवलं. मग शिसपेन्सिल घेऊन ती भिंतीपाशी गेली आणि सातव्या नियमाच्या खाली, सासऱ्यांच्या अक्षरापेक्षा बारीक अक्षरात, तिने लिहिलं: ‘वाचणाऱ्याच्या हातात भिंग असेल तर चिन्हं घालावीत. ओळीला एक. शेवटी मोजावीत.’